धारवाडचा कापूस आणि कारवारची वाळू

हुबळी-धारवाडहून समुद्र दिसत नाही. यल्लापूर मागे टाकून अरबैलचा घाट उतरावा, तेव्हा अंकोल्याचा किनारा लागतो. तरीही कारवारच्या वाळूवर उभ्या असलेल्या सुरूच्या झाडांचा इतिहास सांगावयाचा झाल्यास त्याचा आरंभ धारवाडच्या काळ्या जमिनीपासून करावा लागेल, असे आम्हांस वाटते.

१८४० नंतर कंपनी सरकारने या भागात अमेरिकन कापसाचे प्रयोग केले आणि ‘धारवाड-अमेरिकन’ कापूस येथे रुजला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि धारवाडचा माल जवळच्या बंदरातून बाहेर नेण्याची निकड भासू लागली. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, तो मुख्यतः कारवारच्या बंदरासाठी. मात्र १८८८ च्या सुमारास मार्मागोव्याची रेल्वे झाली, हुबळीचा माल तिकडे वळला आणि कारवारचे मोठेपणाचे स्वप्न विरले. सरकारी कारभाराने त्या काळात वाळूवर जे लावले, ते मात्र राहिले.

ती लागवड सुरूची. हे झाड मूळचे आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडचे. १८६८ च्या सुमारास कारवारकडे त्याची लागवड सुरू झाली. ते झपाट्याने वाढते, उत्तम सरपण देते व वारा अडविते. १८८३ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर आपले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे कारवारास राहिले होते. सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते. ‘जीवनस्मृती’त रवींद्रनाथांनी त्या किनाऱ्याचे जे चित्र रेखाटले आहे त्यात डोंगर, काळी नदी व सुरूचे बन शेजारी शेजारी येतात. लागवड सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. परंतु कवीच्या दृष्टीला ते बन नदीइतकेच तेथले वाटले! यात कवीचा दोष नाही. आमचीही समजूत परवापर्यंत तीच होती.

अशा वाळूची मूळची वनस्पती अगदी निराळी. भरतीरेषेच्या वर मर्यादवेल व ‘रावणाच्या मिशा’ हे काटेरी गवत वाळूला धरून ठेवते. त्यामागे केवडा, आणि त्याहून आत उंडी. सुरूच्या गळलेल्या काड्यांचा जाड थर साचला म्हणजे त्याखाली या वेली तग धरीत नाहीत. समुद्रकासवांना अंडी घालण्यासाठी मोकळी वाळू लागते, तीही आक्रसते. बरे, सुरू तोडून टाकावा, तर प्रश्न सुटतो असेही नाही. त्याच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव हवेतील नत्र जमिनीत आणतात. त्यामुळे झाड गेले तरी वाळू पूर्वीसारखी दरिद्री राहत नाही, आणि दारिद्र्यातच सुखी असणाऱ्या वेलींना ती श्रीमंती मानवत नाही. शिवाय मागच्या वस्तीला वाऱ्याचा आडोसा हवा असतो. आणि रवींद्रनाथांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या किनाऱ्यावरचा सुरू काढावा, असे म्हणण्याचे धैर्य साहित्यिकांच्या सभेत कोण करील?

कुमट्याजवळ अघनाशिनीच्या खाडीकाठी याच प्रश्नाचे उलटे रूप दिसते. तेथे बांध घालून खाजणासारखी ‘गजनी’ शेते तयार केली गेली, व त्यांत खारे पाणी सोसणारे कग्गा भात पिकत आले. बांध फुटून दुरुस्त झाला नाही, की भरतीच्या पाण्याबरोबर तिवराचे बी आत येते आणि काही वर्षांत शेताचे वन होते. १९९१ च्या सागरी किनारा नियमांनी तिवरांच्या वनांना संरक्षण दिले, ते योग्यच होते. पण मोडलेल्या बांधामागचे वन आणि मूळचे वन यांतील भेद केवळ झाडाकडे पाहून कळत नाही. गोव्यापुरते बोलावयाचे तर २०११ च्या नियमांनी खाजणांनाही संरक्षण दिले व तिवरांनाही. एकाच बांधाआड दोघांनी हक्क सांगितला म्हणजे काय करावयाचे?

आमच्या मते, असा निर्णय देणाऱ्याने प्रथम त्या जागेचा पूर्वेतिहास पाहावा: मोजणीचे नकाशे, जमाबंदीची दप्तरे, १८८३ चे कानडा गॅझेटिअर आणि शेतकऱ्यांची तोंडी आठवण. वाळूवरचा सुरू एकदम न तोडता भरतीरेषेलगतच्या रांगा आधी काढाव्यात, मागच्या रांगा आडोशासाठी राहू द्याव्यात आणि मधल्या मोकळ्या जागेत केवडा व उंडी लावावी. गजनीच्या बाबतीत, जेथे बांधाची दुरुस्ती करून पुन्हा कग्गा पेरणारे हात गावात उरले आहेत तेथे शेताचा हक्क आधी मानावा. जेथे ते उरलेले नाहीत, तेथे तिवर राहू द्यावे.