विरून जाणारी सिस्ट

गर्भातल्या बाळाच्या मेंदूत ‘सिस्ट’ दिसते आहे, हे वाक्य सोनोग्राफीच्या खोलीत ऐकू येऊ लागले त्याला चाळीसएक वर्षे झाली. ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन यांच्यासह 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये ध्वनिलहरींनी पोटातले पाहण्याची रीत मांडली. मात्र गर्भाच्या मेंदूतले बारकावे दिसायला ऐंशीचे दशक उजाडावे लागले.

मेंदूच्या पोकळ्यांत द्रव पाझरवणारे ‘कोरॉइड प्लेक्सस’ नावाचे जाळे असते. त्यातल्या द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्या, म्हणजेच सिस्ट, 1984 साली लंडनच्या चडली, पिअर्स आणि कॅम्पबेल यांनी नोंदवल्या. पुढच्या तपासण्यांत त्या नाहीशा झाल्या, म्हणून निबंधाच्या शीर्षकातच त्यांना ‘तात्पुरत्या’ म्हटले होते.

दोनच वर्षांनी चित्र पालटले. अठराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असलेल्या, म्हणजे एडवर्ड्स सिंड्रोम असलेल्या काही गर्भांत अशाच सिस्ट आढळल्याचे निकोलाइडिस आणि सहकाऱ्यांनी लिहिले. या विकाराची बहुतेक बाळे वर्षभरही जगत नाहीत. मग सिस्ट दिसली की गर्भजल तपासणी सुचवावी का, यावर वाद पेटला; कारण त्या तपासणीने क्वचित निरोगी गर्भही पडतो.

घोळ मोजणीत होता. मोठ्या इस्पितळांत मुळात शंका आलेल्या गर्भवतीच पाठवल्या जात. सरसकट तपासण्या होऊ लागल्यावर शंभरातल्या एक-दोन गर्भांत सिस्ट सापडू लागल्या. एडवर्ड्स सिंड्रोम मात्र हजारांत एखादा. आणि त्यात हृदयाचा दोष, आवळलेल्या मुठी अशा खुणा बहुधा सोबत असतात. बाकी सारे ठीक असेल, तर एकट्या सिस्टमुळे बाळाच्या वाढीला वा बुद्धीला बाधा येत नाही, असे निष्पन्न झाले.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याच्या मुदतीचीही बाजू होती. ही सिस्ट दिसते साधारण अठराव्या-विसाव्या आठवड्यात आणि बहुधा विरते अठ्ठाविसाव्यापर्यंत. 1971 च्या गर्भपात कायद्याची सर्वसाधारण मर्यादा मात्र 20 आठवड्यांची. घाबरलेल्या जोडप्याला वाट पाहायला वेळच उरत नसे. 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी ही मर्यादा 24 आठवडे केली. गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही परवानगी मिळू शकते.

मेंदूतली प्रत्येक सिस्ट इतकी निरुपद्रवी नसते. ॲरॅक्नॉइड सिस्टचे भवितव्य तिच्या जागेवर आणि आकारावर ठरते. डँडी-वॉकर विकृतीत तर लहान मेंदूची घडणच बिघडलेली असते. म्हणून रिपोर्टातल्या ‘सिस्ट’ या एका शब्दाला अर्थ नाही. कुठली, कुठे आणि सोबत आणखी काय, हे विचारायलाच हवे. ‘तात्पुरत्या’ हा शब्द डॉक्टरांना 1984 मध्येच सुचला होता. तो तपासणीच्या टेबलावरच्या बाईच्या कानी वेळेत पडला पाहिजे.