परतीचं भाडं

मंडणगडात परत येणं ही वर्षातून दोनदा ठरलेली गोष्ट. गणपतीला मुंबईचा चाकरमानी येतो, शिमग्याला पुन्हा येतो. बाणकोट, वेसवी, म्हाप्रळ अशा खाडीकाठच्या गावांत आणखी एक येणारा असतो: दोन-अडीच वर्षांनी आखातातून सुटीवर आलेला. त्याच्या बॅगा उघडायच्या वेळी शेजारची पोरंही ओटीवर जमतात. आणि कधीमधी असा एक येतो, ज्याच्या बॅगेची कुणी चौकशी करत नाही. तो आऊटपासवर आलेला असतो.

आऊटपास हा आखातातल्या कामगारांचा शब्द. पासपोर्ट कफिलाने (तिथल्या प्रायोजक मालकाने) दाबून ठेवलेला किंवा मुदत संपलेला, इकामा (राहण्याचा परवाना) गेलेला, माणूस ‘खल्लीवल्ली’ झालेला. म्हणजे पोलिसाची गाडी दिसली की गल्ली बदलणारा. अशा माणसाला दूतावास घरी जाण्यापुरता एक कागद देतो. 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या चौथ्या कलमात त्याचं नाव ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ असं आहे आणि त्याचं काम एकच, भारतात प्रवेश. त्यावर परत जाता येत नाही. तो मिळवण्यासाठी आधी आपण भारतीय आहोत हे पटवावं लागतं. मग गावाकडून शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड यांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले जातात, कधी पोलीस घरी येऊन चौकशी करून जातात.

पण मला शोध घ्यायचा आहे तो या कागदाला जोडलेल्या तिकिटाचा. घरी परतणाऱ्याचं भाडं कुणी भरायचं, आणि भरणाऱ्याने त्याच्या बदल्यात काय लिहून घ्यायचं? ही देवघेव जुनी आहे आणि तिच्यात आपला रत्नागिरी जिल्हा पुन्हा पुन्हा येतो.

सुरुवातीला हे भाडं मजुराच्या हक्काचं होतं. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया (करारावरचे मजूर) जाऊ लागले, त्यांत मुंबई बंदरातून चढलेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. करार पाच वर्षांचा, आणि तो संपल्यावर परतीचा प्रवास मालकाच्या खर्चाने, असं त्यात लिहिलेलं. करारातली बाकीची कलमं पिळवणुकीची होती, पण घरी जाण्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागणार नव्हता. मळेवाल्यांना ते परवडेना. शिकलेला मजूर निघून जातो आणि वर त्याचं भाडंही आपणच भरायचं! 1850 च्या दशकात मॉरिशसमधून ते कलम गेलं. बेटावर गेलेल्या साधारण साडेचार लाखांपैकी तिसरा हिस्साच परतला, त्याला हेही एक कारण.

जहाजावर काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे कोकणी मुसलमान असत, म्होरक्या सारंगासकट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून भरती झालेले. त्यांचा करार हिंदुस्थानच्या बंदरातच संपला पाहिजे, असा नियम होता. 1823 च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला मायदेशी पोचवण्याची जबाबदारी जहाजमालकावर टाकली. हे दयेपोटी झालं असं समजायचं कारण नाही. लंडनच्या रस्त्यांवर उपाशी खलाशी (तिथे त्यांना ‘लास्कर’ म्हणत) दिसू नयेत, हा मुख्य हेतू होता. तरी दिसतच राहिले. म्हणून 1857 मध्ये लंडनच्या वेस्ट इंडिया डॉक रोडवर ‘स्ट्रेंजर्स होम’ उघडलं. तिथे राहायला जागा मिळे आणि पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर कामही मिळवून दिलं जाई. परतू पाहणाऱ्याला मदत करणारी संस्था म्हणून आजच्या परतीच्या सल्ला केंद्रांची ही पणजी म्हणता येईल.

खरी कलाटणी मिळाली ती नाताळमध्ये, दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या गोऱ्यांना मजूर हवे होते, शेजारी नको होते. 1895 मध्ये त्यांनी कायदा केला: करार संपल्यावर पुन्हा करार करा, नाहीतर मायदेशी जा, आणि दोन्ही करायचं नसेल तर वर्षाला तीन पौंड कर भरा. करारावरच्या मजुराचा पहिल्या वर्षाचा पगार महिना दहा शिलिंग. म्हणजे हा कर त्याच्या सहा महिन्यांच्या कमाईएवढा. पुढे सोळा वर्षांवरच्या मुलाला आणि तेरावरच्या मुलीलाही तो लागू झाला. परतीचं भाडं सरकार देतच होतं. बोटीवर कुणी कुणाला ढकललं नाही. घरी जाणाऱ्याने आपल्या मर्जीने जायचं, एवढंच.

या करावर बोलायला 1912 च्या ऑक्टोबरमध्ये जो माणूस तिथे उतरला तो आपल्याच जिल्ह्यातला, गुहागरजवळच्या कोतळूकचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दोन वर्षं आधी केंद्रीय कायदेमंडळात नाताळला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव मांडला होता. तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटून ते बाहेर पडले ते कर रद्द होणार या समजुतीने. मंत्र्यांनी पुढे असं वचन दिल्याचंच नाकारलं, आणि गांधींच्या नेतृत्वाखाली भारतीय मजुरांचा 1913 चा तो मोठा संप पेटला. 1914 च्या भारतीय दिलासा कायद्याने कर गेला. हा गांधींचा विजय म्हणून शाळेत शिकवला जातो, आणि तो होताही. पण त्याच कायद्यात एक कलम होतं, ज्याकडे फारसं कुणी पाहत नाही: जो भारतीय दक्षिण आफ्रिकेत राहण्याचा आपला हक्क कायमचा सोडून देईल त्याला सरकार फुकट मायदेशी पोचवील. ऐंशी वर्षांपूर्वी जे भाडं केलेल्या कामाचा भाग म्हणून मिळत होतं, ते आता हक्काची किंमत म्हणून मिळू लागलं.

1927 च्या केपटाऊन करारात किंमत वाढली. परतणाऱ्या प्रौढाला भाड्याशिवाय वीस पौंड बक्षीस, मुलाला दहा. वाटाघाटींना गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात श्रीनिवास शास्त्री होते, गोखल्यांनंतर भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे. तेच पुढे भारताचे तिथले पहिले एजंट झाले. आपल्या माणसांना हुसकून लावू नये म्हणून गेलेल्या शहाण्या माणसांनी, निघून जाण्याच्या योजनेवर सही केली. त्यांना दोष देणं सोपं आहे. मला वाटतं, त्यांच्यापुढे दुसरा पर्याय याहून वाईट होता आणि त्यांना तो दिसत होता. परतलेल्यांचं पुढे काय झालं? आफ्रिकेत जन्मलेली पोरं गावात परकी, जातीतून बाहेर, पैसे संपलेले. वसाहतींतून परतलेले कित्येक जण कलकत्त्याच्या मटियाबुर्जला बंदराजवळ वस्ती करून राहिले, पुन्हा कुठेतरी जहाज मिळेल या आशेवर.

केपटाऊनला रत्नागिरी आणि कुलाब्याकडच्या कोकणी मुसलमानांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. त्यांना उलटी अडचण होती. घरी येणं सोपं, पुन्हा जाणं कठीण. केप वसाहतीच्या 1906 च्या कायद्यानंतर गावी यायचं तर फोटो आणि ठसे देऊन परवाना काढावा लागे. मुदतीत परतलं नाही की तिथला हक्क बुडाला. पावसाळ्यात आजारी पडलेल्या आईपाशी चार महिने जास्त थांबलेल्या माणसाला त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागे.

पुढे युरोपने हाच हिशेब उचलला, आपल्याकडून शिकून नव्हे, पण बेरीज तीच आली. फ्रान्सने 1977 मध्ये परत जाणाऱ्या परदेशी कामगाराला दहा हजार फ्रँक देऊ केले. जर्मनीने 1983 च्या कायद्याने बेकार कामगारांना साडेदहा हजार मार्क दिले, राहण्याचा परवाना सोडण्याच्या अटीवर. आश्रयाचा अर्ज केलेल्यांसाठी 1979 पासूनच जर्मनीत भाडं आणि थोडी रोकड देणारी योजना होती. अर्ज फेटाळलेल्या माणसाला सल्लागार समोर बसवून विचारतो: घरी जायचा विचार केलात का? अपिलाची मुदत किती उरली आहे, हे तो सांगतो की नाही यावर मी त्या सल्ल्याची पारख करीन. अमेरिकेने 2025 च्या मे महिन्यात हे काम मोबाइल ॲपवर आणलं, स्वतःहून निघून जाणाऱ्याला हजार डॉलर. त्याआधी फेब्रुवारीत अमृतसरला लष्करी विमानाने 104 भारतीय बेड्या घालून आणून सोडले होते, त्यांत महाराष्ट्राचे तिघं. बेड्यांचं विमान आधी दिसलेलं असलं की ॲपवरचं बटण आपोआप दाबलं जातं.

मंडणगडचा माणूस आश्रय मागायला सहसा जात नाही. तो आखातात जातो, आणि तिथे परतीचं तिकीट मालकानेच द्यायचं असतं. पण मालकाने ‘हुरूब’ लावला, म्हणजे पळाल्याची तक्रार केली, की तिकीट गेलं. 1990 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात कुवेतमधून अम्मानमार्गे सुमारे 1,70,000 भारतीय सरकारने विमानांनी आणले, तेव्हा भाडं कुणी विचारलं नाही, युद्ध होतं. एरवीसाठी 2009 मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी निघाला. तो दूतावासाच्या सेवांवर आकारलेल्या शुल्कातून भरतो, म्हणजे अडकलेल्या कामगाराचं तिकीट बहुतांशी दुसऱ्या प्रवाशांच्याच खिशातून निघतं. मला ही व्यवस्था गोखल्यांच्या काळातल्या कुठल्याही व्यवस्थेपेक्षा सभ्य वाटते.

मग येतात माफीच्या मुदती. कुवेतने 2020 च्या एप्रिलमध्ये माफी दिली, तिकीट आणि राहण्याचा खर्च स्वतः उचलला. लोकांनी अर्ज केले, शिबिरांत गेले, आणि भारताचं आकाश टाळेबंदीने बंद. आठवडेच्या आठवडे माणसं तिथे पडून राहिली. बाहेर जाऊन कामही करता येईना, घरीही जाता येईना. अमिरातीने 2018 मध्ये जे केलं ते मला या सगळ्या इतिहासात वेगळं दिसतं: मुदत उलटून राहिलेल्याला दंड माफ, पुन्हा यायला बंदी नाही, आणि ज्याला जायचं नाही त्याने सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन काम शोधावं. राहायची वाट उघडी असल्यावर जाणाऱ्याच्या मर्जीला अर्थ येतो. तिकीट मात्र ज्याचं त्याने काढायचं होतं.

तिकिटाबरोबर एक गोष्ट मागे राहते, ती म्हणजे थकलेला पगार. 2016 मध्ये सौदी ओजर ही बांधकाम कंपनी आर्थिक संकटात सापडली तेव्हा हजारो भारतीय महिनोन्‌महिने पगाराविना कॅम्पात होते. परतण्याआधी त्यांनी आपले दावे दूतावासाकडे नोंदवले. एकटादुकटा निघणारा हे करत नाही. त्याला वाटतं, सुटलो हेच खूप. म्हणून जेव्हा पहाटे दम्मामहून फोन येतो आणि पलीकडचा म्हणतो की माफीची मुदत पंधरा दिवसांची आहे, तेव्हा म्हाप्रळच्या घरातून आधी ‘ये’ म्हणावंच, पण लगेच विचारावं: बंदी लागते का? केस कुठली आहे का? किती महिन्यांचा पगार राहिलाय, आणि तो वसूल करायला मुखत्यारपत्र कुणाच्या नावे केलंस?