दंतधावन व हिरड्यांचें रक्षण : सोनगीरकडील आचाराच्या निमित्तानें

सोनगीर हा गांव धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा मार्गावर किल्ल्याच्या टेकडीलगत वसला आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांविषयीं त्याची ख्याति जुनी आहे. किल्ल्याचा अथवा भांड्यांचा इतिहास सांगण्याचा आमचा येथें हेतु नाहीं. तांब्याभर पाणी घेऊन सकाळीं अंगणांत दांत घासण्याचा जो साधा आचार, त्याचाच मागोवा येथें घ्यावयाचा आहे. राजवंशांस जसा इतिहास असतो तसा आचारांसहि असतो. आणि आचाराच्या इतिहासांत चूक झाली तर ती प्रत्येकास स्वतःच्या देहांत भोगावी लागते.

आमच्या लहानपणीं या भागांत दांत घासण्याचे तीन प्रकार सर्रास दिसत. बाभळीची किंवा निंबाची काडी हा पहिला. गोवऱ्यांची राख अथवा कोळशाची पूड हा दुसरा. आणि तंबाखू भाजून केलेली मशेरी हा तिसरा. यांपैकीं मशेरी विशेषतः स्त्रियांत चाले. तिन्ही प्रकार 'जुन्या लोकांचे' म्हणून सारख्याच आदरानें सांगितले जातात. हे तिन्ही सारखेच जुने व सारखेच हितकर आहेत काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम वैद्यकग्रंथांचा आधार पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत दंतपवनाचा विधि आहे. काडीचें टोक चेचून मऊ करावें, तिचा रस तुरट, तिखट किंवा कडू असावा, ती दिवसांतून दोन वेळां वापरावी, आणि दांतांभोंवतालच्या मांसास इजा होऊं देऊं नये, असें तेथें सांगितलें आहे. दंतमांस म्हणजेच आपल्या हिरड्या. सुश्रुतानें चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत काडी बारा अंगुळें लांब व करंगळीएवढी जाड सांगितली असून, मऊ कुंचल्यानें एकेक दांत निराळा घासावा व हिरड्यांस बाधा होऊं देऊं नये, असाच इशारा दिला आहे. दोन थोर आचार्य एकाच अटीवर भर देतात, ही गोष्ट आकस्मिक नव्हे.

तिचें कारण सुश्रुताच्या निदानस्थानांत सांपडतें. मुखरोग वर्णितांना त्यानें दंतमूलाचे रोग पंधरा मोजले आहेत. त्यांतील पहिला 'शीताद'. यांत हिरड्यांतून अकस्मात् रक्त येतें, त्या काळवंडतात, मऊ पडतात व त्यांस दुर्गंधि येते. 'उपकुश' नामक रोगांत दाह व पाक होऊन दांत हलूं लागतात. दांत किडून जातो तसाच मूळ सैल होऊनहि जातो, हें त्या वैद्यांस पक्कें ठाऊक होतें. शीतादावर रक्त काढल्यानंतर सुंठ, मोहरी व त्रिफळा यांच्या काढ्याच्या गुळण्या सुश्रुतानें सांगितल्या आहेत. तिळाच्या तेलाची गुळणी धरल्यानें दांतांचीं मुळें दृढ होतात, असें चरकाचें म्हणणें आहे. जीभ खरवडण्याची पट्टी कोणत्या धातूची असावी हें सांगतांना त्यानें तांबें व पितळ हीं दोन्ही नांवें घेतलीं आहेत. सोनगीरच्या तांबटांस तें वाचून समाधानच वाटेल.

आतां वृक्षांविषयीं. चरकानें करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन व असाणा हीं नांवें देऊन तत्सम इतर वृक्षहि चालतील असें म्हटलें आहे. सुश्रुताच्या मतें कडूंत निंब, तुरटांत खैर, मधुरांत मोह व तिखटांत करंज श्रेष्ठ. या नामावळींत बाभूळ नाहीं; आणि खानदेशच्या काळ्या जमिनींत तर काडी बहुधा बाभळीचीच. यावरून लोकांनीं शास्त्र मोडलें असें होत नाहीं. शास्त्रानें रस सांगितला, वृक्ष ज्या त्या भूमीवर सोडला. तुरट रसाची बाभूळ बांधावर सांपडली, ती लोकांनीं घेतली. पहिला प्रकार तत्त्वतः प्राचीन ठरतो तो असा.

परंतु एक गोष्ट हरवली. वैद्यकानें काळ दोन सांगितले होते. वाग्भटानें तर ते सकाळ व भोजनोत्तर असे स्पष्ट केले. उलट याज्ञवल्क्यस्मृतींत दंतधावन प्रातःसंध्येचें पूर्वांग म्हणून येतें. धर्मकृत्याशीं जोडलेला सकाळचा काळ घरोघर टिकला. ज्यामागें केवळ आरोग्याचें प्रयोजन होतें तो दुसरा काळ गळाला. जेवणानंतर चूळ भरण्याची चाल तेवढी राहिली. पण चूळ म्हणजे घासणें नव्हे.

तिसऱ्या प्रकाराचा उलगडा शब्दाच्या इतिहासावरून होतो. संस्कृतांतील 'दंतपवन' किंवा 'दंतधावन', प्राकृतांत 'दंतवण', मराठींत 'दांतवण'. मूळ अर्थ काडीचा. पुढें मराठींत दांतांस लावावयाच्या काळ्या पुडीसहि तेंच नांव मिळालें. पूड एकदां मान्य झाली कीं तींत काय आहे हें कोण पाहतो? तंबाखू हें अमेरिका खंडांतील झाड, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलें. विजापुराहून असदबेगानें तें अकबराच्या दरबारीं नेलें तें इ. स. १६०४-०५ च्या सुमारास. तेव्हां मशेरीस चारशें वर्षांपलीकडचा आधार असणें शक्यच नाहीं. तिनें ठणका तात्पुरता बधिर होतो म्हणून गुण आल्यासारखें वाटतें. प्रत्यक्षांत हिरड्या झिजतात, व्यसन जडतें व मुखाच्या कर्करोगास वाट मिळते. भारत सरकारनें १९९२ सालीं दंतमंजनांत तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूस ती बंदी कशी पोंचणार? राख व कोळसा यांविषयीं इतकेंच कीं, भरड पूड बोटानें रगडल्यास दांत उजळ दिसतात, परंतु हिरड्यांस इजा न करण्याची अट त्यांत पाळली जात नाहीं.

अर्वाचीन शास्त्रानें या जुन्या अटीस पुष्टि दिली आहे. डेन्मार्कमध्यें लो या दंतवैद्यानें १९६५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनीं दांत साफ करणें बंद ठेवलें. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हां नीट घासूं लागतांच थोड्याच दिवसांत पूर्ववत् झाल्या. दांताच्या मुळाशीं सांचणारा जंतूंचा मऊ थर हेंच त्या रोगाचें कारण. तो थर निघावा, पण मांस दुखावूं नये, एवढेंच चरक-सुश्रुतांनीं मागितलें होतें.

तात्पर्य, जुनें म्हणून सर्व सारखें नव्हे. मऊ कुंचला, मग तो काडीचा असो वा आजच्या ब्रशाचा. सकाळ व रात्र असे दोन काळ. आणि प्रत्येक दांत हलक्या हातानें घासणें, ही खरी परंपरा. मशेरी ही तिच्या नांवानें घरांत शिरलेली परकी वस्तु होय. ज्यांच्या घरीं आजहि तिची डबी आहे त्यांनीं ती पूर्वजांची ठेव समजून जपूं नये. आणि हिरडीतून रक्त येऊं लागल्यास तें वयाचें लक्षण न मानतां दंतवैद्यास वेळीच दाखवावें, इतकी विनंती करून हा लेख संपवितों.