‘इतर’ रकान्यातली गाठ

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या जुन्या नोंदवहीत रकाने ठरलेले असायचे : बैल, गाय, म्हैस, शेळी-मेंढी, कोंबडी. कुत्रं ‘इतर’मध्ये. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी धडगाव, मोलगी, तळोदा आणि शेवटी शहादा अशी झाली. ती सुरू झाली तेव्हा हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, दवाखान्यांच्या पाट्या बदलल्या, रकाने तेच राहिले. त्यामुळे इकडच्या कुत्र्यांना गाठी कधीपासून होतात आणि लोक त्यांचं काय करायचे, हे कागदावरून कळायचं नाही. मला ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून, कुत्र्यांच्या अंगावरच्या जुन्या डागांवरून आणि आता माझ्या घरच्या टिप्या कुत्र्यामुळे थोडंथोडं जुळवता आलं.

हे रकाने कुणी आकसाने आखले नव्हते. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी खातं उभं राहिलं, ते लष्कराच्या घोड्यांसाठी आणि नांगराच्या बैलांसाठी. खानदेशात कापूस बैलगाडीने बाजारात जायचा. बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे आणि घर कर्जात जायचं. त्या रोगातून आपला देश २००६ साली अधिकृतपणे मुक्त झाला. माझ्या आधीच्या पिढ्यांतल्या कंपाउंडर-ड्रेसरांनी लशीच्या पेट्या खांद्यावर घेऊन सातपुड्याच्या चढणी चढल्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कुत्र्यापर्यंत त्यांचे हात पोचले नाहीत एवढंच.

पण कुत्र्याशिवाय इकडचं घर चाललं नसतं. धडगावच्या अक्राणी तालुक्यात पावरा आदिवासी माणसाचं घर गावठाणात नसतं, आपापल्या शेतात असतं. एका घरातून दुसऱ्या घराला हाक ऐकू जाईल एवढंच काय ते शेजारपण. रात्री बिबट्या शेळ्यांवर येतो, रानडुक्कर मक्यात घुसतं, आणि माळ्यावर जागणाऱ्या माणसाला पहिली खबर कुत्रंच देतं. वाघदेव पुजणाऱ्या या डोंगरात वाघ आणि माणूस यांच्यामध्ये कुत्रं उभं असतं. खाली तापीकाठी ठेलारींच्या मेंढ्यांच्या कळपामागेही तेच. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार मोठा, आमचं खातं तिथे घोड्यांसाठी तंबू टाकायचं. दर्शन घेऊन आलेला एखादा शेतकरी तंबूत बाकीची गर्दी ओसरेपर्यंत थांबायचा आणि मग हळूच म्हणायचा, “डाक्टर, कुत्राले गाठ व्हयनी, काही औषध शे का?” दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, तरी विचारताना त्याला संकोच वाटायचा.

औषध नव्हतं असं नाही, घरचं होतं. चामखिळीसारखी देठावर लोंबणारी गाठ असेल तर घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधायचे. रक्तपुरवठा तुटून ती आठवड्याभरात गळून पडायची, आणि अशा गाठीला तो उपाय काही वाईट नव्हता. पसरट गाठीला मात्र विळा तापवून डाग द्यायचे. डागाची जखम भरत नसे, माशा बसत, अळ्या पडत. मग सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरायचे. अळ्यांवर तो खरोखर चालतो, मी स्वतः वापरला आहे, टर्पेंटाइनचा बोळा संपलेला असे तेव्हा. बिब्बा लावणाऱ्यांशी मी कायम भांडलो. कुत्रं अंग चाटतं, तोंडही भाजतं. एवढं करूनही गाठ वाढत गेली तर कुत्रं घराच्या मागे बांधून ठेवायचे आणि ते खाईल तोवर त्याला भाकरी टाकायचे. धडगावकडे एका म्हातारीला मी भाकरी ताकात कुस्करून गाठीच्या कुत्रीला भरवताना पाहिलं आहे. कुत्र्यावर जीव लावणं ही शहरातून आलेली हौस आहे असं म्हणणाऱ्यांना मला ती म्हातारी दाखवावीशी वाटते.

गावांमध्ये आणि शहरांमध्ये वेगळंच होतं. अंगावर फुटलेली गाठ घेऊन फिरणाऱ्या कुत्र्याला पिसाळलेलं समजत, आणि त्याचा शेवट कुचल्याच्या विषाने होई. कुत्री मारण्याची सरकारी रीत आपल्याकडे जुनी. मुंबईत १८१३पासूनच त्याचे नियम होते आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. १८३२ साली मारण्याची मुदत वाढवली तेव्हा ६ जूनला पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले. त्याच शहरात १८८३ साली दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ निघालं, बाई साकरबाईंच्या नावाचं. नंदुरबारसारख्या गावांपर्यंत बदल यायला २००१ साल उजाडलं. त्या वर्षीच्या केंद्राच्या नियमांनी भटकी कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी आणि लसीकरण करायचं ठरवलं. नसबंदीमुळे अनेक पशुवैद्यकांच्या टेबलावर प्रथमच एवढी गावठी कुत्री आली, आणि त्यांच्या गाठीही दिसू लागल्या. कुत्रीच्या थानांतल्या गाठी तर फारच. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर त्या जवळजवळ टळतात, हे कॅलिफोर्नियातल्या अभ्यासाने १९६९ सालीच दाखवलं होतं.

या सगळ्या गाठींमध्ये एक गाठ मला सर्वांत जास्त चक्रावते. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी लालसर वाढ येते आणि थेंबथेंब रक्त गळतं. ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते, बहुतेक वेळा लागताना, कधी हुंगण्या-चाटण्यातून नाकात. नाकातून रक्त आलं की आमच्याकडे लोक म्हणत, “जळू गेली असेल.” अनेक कुत्र्यांच्या नाकात मीही जळूच शोधली असती, पण एका जुन्या डॉक्टरसाहेबांनी मला आधीच शिकवून ठेवलं होतं. इथे जंतू पसरत नाही, कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाऊन रुजतात. रशियातले पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ साली ही गाठ एका कुत्र्यातून पिल्लांमध्ये लावून दाखवली. कॅन्सर एका जिवातून दुसऱ्यात रुजवण्याचा तो पहिला यशस्वी प्रयोग मानतात.

पुढचं कळलं ते अगदी अलीकडे. जगभरच्या कुत्र्यांमधल्या या गाठीच्या पेशी तपासून शास्त्रज्ञांनी मांडलं, की या सगळ्या गाठी एकाच कुत्र्याच्या कॅन्सरच्या वंशज आहेत. २०१९च्या अभ्यासानुसार ते कुत्रं आशियात, सुमारे चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी होऊन गेलं. स्वतः मेलं, त्याची गाठ आजवर जिवंत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती आशियाबाहेर पडली आणि पुढे दर्यावर्दी लोकांच्या कुत्र्यांबरोबर अमेरिकेतही पोचली.

हे वाचलं तेव्हा मला दायमाबाद आठवलं. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यातल्या बैलांच्या रथाच्या दांडीवर, हाकणाऱ्या माणसापुढे एक कुत्रं उभं आहे. बरेच अभ्यासक या मूर्ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. म्हणजे ते कुत्रं ओतलं गेलं तेव्हा ही गाठ आशियात कुठेतरी फिरत असावी. आमच्या प्रकाशे गावातही, तापी-गोमाईच्या संगमावर, १९५५च्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली वस्ती मिळाली. तिथल्या लोकांनी कुत्र्याच्या रक्ताचे थेंब पाहून काय केलं असेल, याचा विचार मी पुलावरून जाताना नेहमी करतो.

आणि या गाठीचं औषध आपल्या अंगणात उभं होतं. सदाफुली मूळची मादागास्करची, पण इकडे कुठल्याही तुळशीवृंदावनाशेजारी दिसेल. मधुमेहावर तिचा काढा पितात म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे १९५२ साली जमैकाहून तिची पानं आली. साखर काही कमी झाली नाही, उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ साली व्हिनब्लास्टिन जगापुढे मांडलं. पाठोपाठ त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन आलं, १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं हे औषध कुत्र्याच्या त्या प्राचीन गाठीवर इतकं लागू पडतं, की आठवड्याला एक अशी चार ते सहा इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. ते शिरेतच जावं लागतं, बाहेर सांडलं तर तिथली कातडी सडते. सदाफुलीचा काढा घरी उकळून कुत्र्याला पाजणारे लोक मला भेटले आहेत. तसं करू नका. झाड विषारी आहे, आणि इंजेक्शनातला अंश पानांतून फार थोड्या प्रमाणात, फार कष्टाने काढावा लागतो.

टिप्याची गाठ ही नव्हे. तो आता म्हातारा आहे, तोंड पांढरं पडलं आहे. छातीखाली दोन मऊ, हलणाऱ्या गाठी आहेत, चरबीच्या, त्यांना कुणी हात लावलेला नाही आणि लावायची गरजही नाही. मांडीवरची मात्र वेगळी निघाली. काही दिवस लाल होऊन फुगायची, काही दिवस बसायची, त्यामुळे घरच्यांना वाटायचं बरी होते आहे. २०२२च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यातून गुरांमध्ये लम्पी पसरला, त्या दिवसांत गल्लीतल्या गोठेवाल्यांनी टिप्याला बघून धसका घेतला. “याले लम्पी शे, बांधी ठेवा.” लम्पी हा गाई-म्हशींचा विषाणू आहे, कुत्र्याला होत नाही, हे मी दारोदार सांगत फिरलो. तरी कुणाच्या मनातली भीती घालवायला टिप्याला काही दिवस साखळीला ठेवलं.

सुईने गाठीतला थेंब काढून काचेवर पसरला, ती काच नवसारीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवली. आमच्याकडून पुण्या-मुंबईपेक्षा नवापूर-सोनगढमार्गे गुजरात जवळ. मास्ट पेशींची गाठ आहे असं कळलं. पॉल एर्लिख यांनी १८७८ साली रंग लावून ज्या दाणेदार पेशी ओळखल्या, त्याच या. त्यांचे दाणे फुटले की हिस्टामिन सुटतं, म्हणून गाठ फुगते-बसते, म्हणून ती सारखी दाबून पाहायची नसते. शस्त्रक्रिया करून भोवतालची कातडीही रुंद कापली. काही महिन्यांनी टाक्यांच्या कडेला पुन्हा दाणा आला. तेव्हापासून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आणि व्हिनब्लास्टिन चालू आहे. म्हणजे टिप्याही सदाफुलीवरच जगतो आहे.

अशा कुत्र्याबरोबर राहणं म्हणजे रोजची कामं. गोळ्यांमुळे तो पाणी फार पितो, रात्री बाहेर न्यावं लागतं, त्याच्यासाठी बायको आणि मी आळीपाळीने उठतो. भूक अफाट लागते, पण भाकरी मोजूनच द्यायची. प्रत्येक इंजेक्शनाआधी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी घसरल्या असतील तर थांबायचं. अंगावर हात फिरवून नवी गाठ दिसली की वहीत कुत्र्याचं चित्र काढलंय त्यावर खूण करायची, दोऱ्याने माप घ्यायचं, तारीख लिहायची. मेडिकलमधून माणसांची दुखण्याची गोळी आणून द्यायची नाही. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतं, आणि प्रेडनिसोलोनबरोबर तसल्या जातीचं दुखण्याचं औषध जोडलं तर पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. मी हे लोकांना पुन्हापुन्हा सांगतो, कारण मायेपोटी नेमकी हीच गोळी दिली जाते.

“कुत्राले बी कॅन्सर व्हस का?” हा प्रश्न आता शहाद्यात कुणी संकोचून विचारत नाही. माणसाच्या कॅन्सरसाठी ‘टाटाला नेलं’ हे शब्द इकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहेत, त्यामुळे कुत्र्याचं समजावायला वेळ लागत नाही. लागतो तो पोचायला. गेल्या पावसाळ्यानंतर धडगावपलीकडच्या पाड्यावरचा एक पावरा मुलगा आपली कुत्री घेऊन माझ्याकडे आला. तिला तीच जुनी, रक्त गळणारी गाठ होती. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं, व्हिनक्रिस्टिन सुरू झालं. दर सोमवारी तो तिला मोटारसायकलवर पुढ्यात गोधडीत गुंडाळून आणायचा, येऊन-जाऊन अख्खा दिवस मोडायचा, मजुरी बुडायची. तिसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त थांबलं. चौथ्या वेळी त्याच्याबरोबर शेजारच्या पाड्यावरचा एक माणूस होता, आणि त्याच्या कुत्र्याच्या नाकातून रक्त येत होतं. जळू समजून त्यांनी मिठाचं पाणी सोडून पाहिलं होतं. आम्ही नाकातला द्राव काचेवर घेतला. तीच गाठ होती. त्यालाही सोमवार दिला.