वैनगंगा ओलांडणारी गोष्ट: मराठीतील ख्रिस्ती ऐतिहासिक कथनाची कुळकथा

1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत नारायण वामन टिळक बसले होते. टिळक तेव्हा तिशीत होते. संस्कृताचे जाणकार आणि कवी म्हणून त्यांचे नाव झाले होते, आणि नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले आणि धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. या प्रसंगाचा भूगोल मात्र सहसा कोणी पाहत नाही. नागपूर सोडून पूर्वेला निघालेली गाडी वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून आणि तुमसर रोडवरून जाते, वैनगंगा ओलांडते, तिरोडा, गोंदिया आणि आमगाव मागे टाकून दरेकसाच्या डोंगरात शिरते. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. त्याआधी हा सारा पट्टा भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याला सर्वांत मोठा कवी देणारा तो प्रवास मुख्यतः भंडारा जिल्ह्यातून झाला.

याच्या सतरा वर्षे आधी अमेरिकेतही आगगाडीत असेच एक संभाषण झाले होते. 1876 साली ल्यू वॉलेस या माजी सेनापतीला प्रवासात रॉबर्ट इंगरसॉल भेटला. इंगरसॉल हा त्या देशातला गाजलेला अज्ञेयवादी वक्ता होता. देव, स्वर्ग, ख्रिस्त या विषयांवर त्याने केलेल्या बिनतोड प्रश्नांपुढे वॉलेसला स्वतःच्या अज्ञानाची लाज वाटली. आपण या गोष्टींचा कधी नीट विचारच केला नाही, हे त्याच्या लक्षात आले. विचार करायचा तर कादंबरी लिहीत करावा, असे त्याने ठरवले आणि पहिल्या शतकातील यहूदी देशाचा भूगोल, चालीरीती आणि रोमन कारभार यांचा कसून अभ्यास केला. 1880 साली ‘बेन-हर’ प्रसिद्ध झाली. ती पुढे त्या देशातील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत गणली गेली. लिहून होईपर्यंत आपली श्रद्धा पक्की झाली, असे वॉलेसने सांगितले, पण तो कोणत्याही चर्चचा सभासद झाला नाही. ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरीचा वाचकांच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, असे विचारले जाते तेव्हा या उदाहरणातला एक धडा विसरता येत नाही. अशा कथेचा पहिला वाचक तिचा लेखकच असतो, आणि ती बदल घडवत असेल तर सुरुवात त्याच्यापासून होते.

मराठीत या प्रकाराची कुळी शोधू लागले की एक विचित्र गोष्ट दिसते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिला सर्वसाधारणपणे मान दिला जातो ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली निघाली. ती ख्रिस्ती कादंबरी आहे, पण ऐतिहासिक नाही. पहिली ऐतिहासिक कादंबरी, रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’, 1871 साली ग्रंथरूपाने आली. ती शिवकाळाची आहे, तिचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही. पुढे मराठी ऐतिहासिक कादंबरी गडकिल्ल्यांकडे गेली आणि ख्रिस्ती कथा चालू काळाच्या दुःखाकडे वळली. यावरून मराठीत ख्रिस्ती ऐतिहासिक कथन रुजलेच नाही, असा निष्कर्ष निघू शकतो. तो चुकीचा आहे. ते मराठीत कादंबरीच्या फार आधी रुजले. मात्र त्याने कादंबरीचा वेष घेतला नाही. त्याची रूपे पुराण, आठवणी आणि ओवीबद्ध चरित्र ही आहेत. माझे म्हणणे असे की वाचकांच्या आयुष्यावर त्याचा जो परिणाम झाला, तो या देशी रूपांमुळेच झाला.

या रूपांचे मूळ शोधताना पुन्हा भंडाऱ्यापाशीच यावे लागते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी विदर्भात भ्रमण केले. त्यांच्या अनुयायांत नीळभट भांडारेकार हे नाव येते. भांडारेकार म्हणजे भंडाऱ्याचे. स्वामी उत्तरेला निघून गेल्यावर त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी इतर अनुयायांना भेटून आठवणी गोळा केल्या: स्वामी कुठे उतरले, कोणत्या गावी काय बोलले, कोण समोर होते, काय जेवले. त्यांतून ‘लीळाचरित्र’ तयार झाले. तो मराठीतील आद्य गद्य ग्रंथ मानला जातो. त्यात गावांची नावे आहेत, साध्या माणसांचे बोलणे आहे, एका प्रसंगाची वेगवेगळी सांगणीही जपली आहे. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नाही, आणि येथे तसा दावा नाही. पण पूज्य पुरुषाचे आयुष्य सांगायचे तर ते स्थळ, काळ आणि साक्षीदार यांच्यासह सांगायचे, ही मराठी वाचकाची अपेक्षा या ग्रंथात इतक्या लवकर दिसते. मराठीत येणाऱ्या कोणत्याही धर्मकथेची गाठ पुढे याच अपेक्षेशी पडणार होती.

ती गाठ गोव्यात पडली. इंग्लंडात 1549 साली जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्याला आले आणि आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे तेथेच राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार आहे आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र. ग्रंथाच्या आरंभीच त्याच्या जन्माचे कारण आले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? म्हणजे मागणी वाचकाची होती. त्या काळी गोव्यात जुने धर्मग्रंथ नष्ट केले जात होते, देवळे पाडली गेली होती. त्या जबरदस्तीचे समर्थन करता येत नाही आणि करू नये. पण त्याच प्रश्नातून हेही कळते की धर्म बदलला तरी माणसाची गोष्टीची भूक बदलली नव्हती. त्याला ती आपल्याच भाषेत, आपल्याच छंदात, संध्याकाळी चार माणसांत बसून ऐकायची होती. स्टीफन्स यांनी हे ओळखले. त्यांनी ओवी घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि मराठीची थोरवी मोठ्या प्रेमाने गायिली. 1649 आणि 1654 साली ग्रंथाच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. नंतर छपाई थांबली तरी हस्तलिखिते फिरत राहिली. 1907 साली मंगळुरात जोसेफ सालढाणा यांनी त्यांच्या आधाराने ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध केला. टिपू सुलतानाने 1784 साली मंगळूरकडचे ख्रिस्ती लोक श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, तेव्हा या पुराणाच्या पठणाने त्यांना धीर दिला, अशी आठवण त्या समाजात जपली गेली आहे. ग्रंथाने वाचकाच्या आयुष्यात काय केले याची याहून ठसठशीत साक्ष शोधणे कठीण आहे.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि ओवीची जागा गद्याने घेतली. जॉन बन्यनच्या रूपककथेचा हरि केशवजी यांनी केलेला अनुवाद ‘यात्रिकक्रमण’ 1841 साली आला. मराठी वाचकाला दीर्घ गद्यकथेची सवय लावणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यानंतर बाबा पदमनजी आले. बेळगावला 1831 साली जन्मलेले बाबा 1854 साली ख्रिस्ती झाले. वाचन आणि विचार यांनी आपल्याला तेथवर कसे आणले, हे त्यांनी पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात तपशिलाने लिहिले. ‘यमुनापर्यटन’मध्ये यमुना पतीबरोबर प्रवास करते, वाटेत ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते आणि शेवटी स्वतःच त्या दुःखात सापडते. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालचा, कादंबरी पुढच्या वर्षीची. बाबांनी इतिहास लिहिला नाही, पण त्यांची पद्धत जुन्याच कुळीची आहे: गावोगाव फिरायचे, माणसांची हकिगत त्यांच्याच तोंडून ऐकायची आणि ती मांडायची.

येथे पहिला आक्षेप समोर येतो. हे सारे धर्मप्रसाराचे साहित्य आहे, त्याला कलेच्या मापाने मोजू नये आणि त्याच्या परिणामाचे कौतुक करू नये, असे म्हणतात. हा आक्षेप अर्धा खरा आहे. ‘यमुनापर्यटन’मध्ये उपदेश जागोजागी कथेला अडवतो, हे मान्य करायला हवे. पण हेतू धर्माचा आहे म्हणून लिखाण कमी प्रतीचे ठरवायचे, तर ‘लीळाचरित्रा’पासून वारकरी संतांच्या चरित्रांपर्यंत मराठीचा निम्मा वारसा टाकून द्यावा लागेल. कस वेगळाच लावला पाहिजे. पात्र उपदेशासाठी बोलते की स्वतःसाठी? यमुनेला भेटलेल्या विधवा आपल्या तोंडाने आपले हाल सांगतात, तेव्हा ती पाने आजही जिवंत वाटतात. जेथे लेखक त्यांच्या वतीने निष्कर्ष काढतो, तेथे ती मरगळतात. वाचकाचे आयुष्य पहिल्या प्रकारच्या पानांनी हलते. दुसऱ्या प्रकारची पाने फक्त आधीच पटलेल्यांना पटतात.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. टिळकांना गाडीत मिळाली ती कादंबरी नव्हती, शुभवर्तमान होते. मग त्यांचा दाखला कल्पित कथेला कसा लागू पडतो? याचे उत्तर टिळकांच्या वाचनातच आहे. ते पर्वतावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. ते प्रवचन सुटा तत्त्वविचार म्हणून छापलेले नाही. गर्दी पाहून डोंगरावर चढलेला, शिष्य जवळ आल्यावर बोलू लागलेला एक माणूस त्यात आहे. शिवाय ख्रिस्ती धर्माची मूळ कथाच तारखेला बांधलेली आहे. शुभवर्तमानकार लूकने बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या कार्याचा आरंभ तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षाशी जोडला आणि सुभेदारांची नावे लिहिली. श्रद्धा एका विशिष्ट काळाला आणि मुलखाला धरून उभी असेल, तर तो काळ आणि तो मुलूख वाचकाला दिसावा, ही ओढ तिच्यातूनच येते. वॉलेसने तेच केले आणि त्याच्या आधी स्टीफन्स यांनीही. टिळकांनी तर उरलेले आयुष्य याच कामाला दिले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

तिसरा आक्षेप सत्याचा आहे. इतिहासात कल्पना मिसळली की श्रद्धाळू वाचक कल्पित भागालाही शास्त्र मानू लागतो. ही भीती निराधार नाही. बेन-हर हा खरोखर होऊन गेलेला माणूस समजणारे वाचक असतातच. म्हणून लेखकाने मर्यादा पाळायला हवी. जे नोंदले आहे त्याला धक्का लावायचा नाही. कल्पनेने फक्त नोंदीच्या भोवतीची पोकळी भरायची: वाट, स्वयंपाक, हवामान, नाव न राहिलेल्या माणसांची बोलणी. म्हाइंभटांनी एकाच प्रसंगाची दोन सांगणी आली तर दोन्ही राहू दिली. त्या प्रामाणिकपणाची आजही गरज आहे. कल्पनाच नको, असे म्हणणारा मात्र एक गोष्ट विसरतो. नोंदी राजे, सुभेदार आणि मिशनचे अधिकारी यांच्या असतात. बाप्तिस्मा घेतल्यावर घरातून निघावे लागलेल्या माणसाच्या आईने त्या रात्री काय केले, याची नोंद कोणी ठेवत नाही. ते कळायचे तर कल्पनेची मदत घ्यावीच लागते, आणि ती सहानुभूतीने घेतली तर इतिहासावर अन्याय होत नाही. एका बाजूने लिहिलेला इतिहास उलट त्यामुळे पुरा होतो.

याचा पुरावा मराठीत आहे आणि तो एका स्त्रीने ठेवला आहे. टिळकांनी धर्म बदलला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांनी काही वर्षे वेगळ्या राहून काढली आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. 1934 ते 1936 या काळात ती चार भागांत निघाली. धर्मांतराच्या नोंदीत जी बाजू कधी येत नाही, ती येथे घरच्या भाषेत आली: मागे राहिलेल्या बायकोची, तिच्या संतापाची, शिवाशिवीच्या तिच्या धास्तीची आणि हळूहळू वितळत गेलेल्या मनाची. म्हणूनच हे पुस्तक ख्रिस्ती वाचकांपुरते राहिले नाही. ज्या मराठी घरांना धर्मांतराची कल्पनाही सहन होत नव्हती, त्या घरांतही ते प्रेमाने वाचले गेले. वाचकाच्या आयुष्यावरचा परिणाम म्हणजे धर्म बदलणे, असे मानणाऱ्यांनी येथे थांबून पाहावे. ‘स्मृतिचित्रे’ वाचून लोकांनी धर्म बदलला नाही, पण धर्म बदललेल्या माणसाकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली. माझ्या मते हा परिणाम जास्त खोल आहे.

टिळकांनी येशूचे चरित्र ओव्यांत लिहायला घेतले होते. ते ‘ख्रिस्तायन’ 1919 साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. ज्या स्त्रीने त्यांच्या धर्मांतराला जीव तोडून विरोध केला होता, तिनेच पुढचे बहुतेक अध्याय लिहिले. लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या आणि ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला. रायतूरच्या छापखान्यापासून तीनशे बावीस वर्षांनी तीच कथा, त्याच छंदात, आता एका मराठी बाईच्या हातून उतरली. स्टीफन्स यांच्या ग्रंथातील ब्राह्मण आपल्याला गोष्ट द्या म्हणून मागत होता. लक्ष्मीबाईंच्या काळापर्यंत मागणाऱ्याच्याच घरात ती गोष्ट लिहिली जाऊ लागली होती. या कुळकथेत मला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. नीळभट भांडारेकारांच्या गावात किंवा वरठीच्या स्टेशनावर बसून आज कोणी अशी कथा लिहायला घेतली, तर त्याला रोमच्या आखाड्याची किंवा रथांच्या शर्यतीची गरज नाही. 1893 सालचा आगगाडीचा एक डबा, खिडकीबाहेर वैनगंगेचे पात्र, अनोळखी माणसाने पुढे केलेले एक पुस्तक आणि घरी वाट पाहणारी एक बायको, एवढा ऐवज त्याच्या जिल्ह्यातूनच गेलेला आहे.