इन्व्हर्टरची क्षमतानिश्चिती
सौर व बॅटरी प्रकल्पांत डीसी विजेचे एसीत रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरचा आकार नुसत्या मेगावॉटवर ठरवणे धोक्याचे आहे. 100 मेगावॉट वीज 0.95 शक्तिगुणकाने द्यायची, तर सुमारे 105 एमव्हीए क्षमता लागते. खरी कसोटी बिघाडाच्या क्षणी लागते. शॉर्टसर्किट होताच औष्णिक केंद्रातले फिरते जनित्र नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर पुरवते. इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर तेवढ्याने जळून जातील, म्हणून नियंत्रक साधारण 1.1 ते 1.2 पटीलाच प्रवाह रोखतो. त्यामुळे ग्रिडची वारंवारता सावरायला गरजेच्या क्षणी जादा वीज द्यायची असेल, तर काही क्षमता मोकळी राखावीच लागते. अशा सेवेचे उदाहरण म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेल बॅटरी प्रकल्प (2017); तो 2020 मध्ये 100 वरून 150 मेगावॉटचा झाला. 2022 पासून त्याचे इन्व्हर्टर ग्रिडला फिरत्या जनित्रासारखे कृत्रिम जडत्वही (वारंवारतेतील अचानक बदलाला विरोध) पुरवतात.