पाच पूर्णांक एक दशांश

५१ चे १० टक्के किती? ५.१. इथवर काहीच अडचण नाही. पण संसदेत ५१ जागा असतील, त्यातल्या 'किमान १० टक्के' बायकांच्या हव्यात असं राज्यघटना म्हणत असेल, तर उरलेल्या ०.१ बाईचं काय करायचं? २०२१ साली समोआ नावाच्या देशात या प्रश्नावरून सरकार अडलं. जवळजवळ साडेतीन महिने तिथे खरा पंतप्रधान कोण, हेच ठरत नव्हतं.

समोआ म्हणजे प्रशांत महासागरातली उपोलु आणि सवाई ही दोन मोठी बेटं आणि आजूबाजूची काही छोटी. लोकसंख्या साधारण दोन लाख. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याएवढी. राजधानी आपिया. देशाला लष्कर नाही. आधी जर्मनीची, मग न्यूझीलंडची सत्ता होती. १ जानेवारी १९६२ ला स्वातंत्र्य मिळालं. पहिले पंतप्रधान फिआमे माताआफा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या देशाची लोकशाही समजून घ्यायची तर 'मताई' समजून घ्यावा लागतो. मताई म्हणजे कुटुंबप्रमुख. इथे कुटुंब म्हणजे चुलत-मावस, आते-मामे असं सगळं पसरलेलं गोत. हे गोत एकत्र बसून एकाला पदवी देतं आणि ती पदवी त्याच्या नावाआधी लागते. 'फिआमे' ही अशीच पदवी आहे. देशातली सुमारे ८० टक्के जमीन परंपरेने कुटुंबांच्या मालकीची, आणि तिचा कारभार मताईकडे. १९९० पर्यंत जवळपास सगळ्या मतदारसंघांत मतदानाचा हक्कही फक्त मताईंनाच होता. त्या वर्षी सार्वमत झालं, २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं. पण उमेदवार मात्र आजही मताईच असावा लागतो. बायका मताई होऊ शकतात, पण होतात थोड्या. काही गावं तर बाईला मताई मानतच नाहीत. त्यामुळे संसदेत बायका एखाद-दुसऱ्याच. म्हणून २०१३ मध्ये घटनादुरुस्ती झाली: किमान १० टक्के बायका हव्यातच. तेवढ्या निवडून आल्या नाहीत, तर हरलेल्यांपैकी सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या बाईला जादा जागा देऊन घ्यायचं. तेव्हा जागा होत्या ४९. १० टक्के म्हणजे ४.९. मसुदा करणाऱ्याने शंका नको म्हणून पुढे लिहून टाकलं की सध्या हा आकडा ५ आहे. नंतर जागा ५१ झाल्या. तो '५' तसाच राहिला.

आता राजकारण. एचआरपीपी हा पक्ष, म्हणजे ह्यूमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी, १९८२ पासून मधला थोडा काळ सोडला तर सतत सत्तेत होता. १९९८ पासून पंतप्रधान एकच, तुइलाएपा. माणूस कर्तबगार होता, हे मान्य करायलाच हवं. २००९ मध्ये त्यांनी एका रात्रीत सगळा देश रस्त्याच्या उजव्या बाजूने डाव्या बाजूला आणला. २०११ मध्ये देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे नेला. त्यासाठी कॅलेंडरमधून ३० डिसेंबरचा शुक्रवारच काढून टाकला. शुक्रवार खाऊन टाकणाऱ्या माणसाला निवडणूक म्हणजे काय, असं त्यांना वाटलं असेल तर नवल नाही. २०१६ नंतर तर विरोधी पक्ष म्हणून मान्यता मिळण्याइतकेही आमदार समोर उरले नव्हते.

मग २०२० मध्ये सरकारने तीन विधेयकं आणली. जमीन आणि पदव्यांचे तंटे सोडवणारं न्यायालय सर्वोच्च न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढायचं, असा त्यांचा गाभा. वरवर पाहिलं तर परंपरेचा सन्मान. प्रत्यक्षात ८० टक्के जमिनीच्या बाबतीत माणसाला दाद मागायला वरचं दार बंद. उपपंतप्रधान होत्या फिआमे नाओमी माताआफा, पहिल्या पंतप्रधानांची मुलगी. १९८५ पासून आमदार, देशाच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. त्यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. तोवर ला'आउली श्मिट यांनी 'फास्ट' नावाचा नवा पक्ष काढला होता. पुढच्या मार्चमध्ये फिआमे त्याच्या नेत्या झाल्या आणि ९ एप्रिल २०२१ ला मतदान झालं.

निकाल: एचआरपीपी २५, फास्ट २५, अपक्ष १.

यातली एक गोष्ट मला अजून गमतीची वाटते. देशभरातली निम्म्याहून जास्त मतं एचआरपीपीलाच पडली होती. पण आपण हरूच शकत नाही, या खात्रीने पक्षाने एकेका मतदारसंघात आपलेच दोन-दोन, तीन-तीन उमेदवार उभे राहू दिले. ५१ जागांसाठी शंभराहून जास्त उमेदवार! मतं आपापसातच फुटली. फास्टने बहुतेक ठिकाणी एकच माणूस दिला. चाळीस वर्षांची सत्ता अशी गेली.

किंवा गेली असती. अपक्ष तुआला यांनी कौल द्यायचा होता. तो देण्याच्या आदल्या दिवशी, २० एप्रिलला, निवडणूक आयुक्तांनी जाहीर केलं: बायका पाचच निवडून आल्यात, ५१ चे १० टक्के ५.१, म्हणजे किमान सहा हव्यात. सबब एचआरपीपीच्या एका हरलेल्या बाईंना जागा. दुसऱ्या दिवशी तुआला फास्टकडे गेले. २६-२६. मग राष्ट्रप्रमुखांनी कोंडी फोडायची म्हणून २१ मेला पुन्हा निवडणूक जाहीर केली.

आयुक्तांचं गणित चुकलेलं नव्हतं, हे सांगायला हवं. ५१ पैकी ५ म्हणजे ९.८ टक्के, आणि 'किमान १०' याचा अर्थ ९.८ होत नाही. प्रश्न वेळेचा होता. बायकांसाठी आणलेली तरतूद बाईला पंतप्रधान होण्यापासून अडवायला नेमकी त्या रात्री आठवावी, यावर कोण विश्वास ठेवणार?

१७ मेला सर्वोच्च न्यायालयाने सहावी जागा रद्द केली, नवी निवडणूकही रद्द केली. निवडणुकीनंतर ४५ दिवसांत संसद भरलीच पाहिजे, असं घटना सांगते. ती मुदत २४ मेला, सोमवारी, संपत होती. राष्ट्रप्रमुखांनी आधी संसद बोलावली आणि शनिवारी रात्री ते बोलावणं स्थगित केलं. समोआ कमालीचा ख्रिस्ती देश, रविवारी सगळं ठप्प. पण त्या रविवारी न्यायाधीश बसले आणि त्यांनी स्थगिती उडवली.

सोमवारी सकाळी सरन्यायाधीश सातिउ सिमाटिवा पेरेसे लाल झगा आणि पांढरा विग घालून सहकाऱ्यांसह संसदेपर्यंत चालत गेले. दाराला कुलूप. त्यांनी पाहिलं आणि परत गेले. तो फोटो मी तेव्हा मोबाईलवर बराच वेळ मोठा करून बघत होतो. दुपारनंतर फास्टच्या आमदारांनी संसदेच्या हिरवळीवर मांडव घातला आणि तिथेच शपथ घेतली. अवेळी झालेले शपथविधी आपल्यालाही ठाऊक आहेत, पण मांडवातला मी तरी पहिल्यांदाच पाहिला. तुइलाएपांनी याला राजद्रोह म्हटलं आणि खुर्ची सोडली नाही. दोन्ही बाजूंचे लोक संतापलेले, तरी गोळी चालली नाही. लष्करच नव्हतं, हे त्याचं एक कारण. दुसरं, दोन्हीकडची माणसं एकमेकांची नातेवाईक होती.

पुढचे दोन महिने नुसती कोर्टबाजी. २ जूनला अपील न्यायालयाने म्हटलं की आकडा सहाच, पण सहावी बाई सगळ्या निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका संपल्यावर ठरवायची. म्हणजे गणित आयुक्तांचं, वेळ विरोधकांची. २३ जुलैला त्याच न्यायालयाने मांडवातला शपथविधी वैध ठरवला: २४ मेपासून सरकार फास्टचंच आहे. तीन दिवसांनी तुइलाएपांनी पराभव मान्य केला. वडिलांच्या मृत्यूनंतर ४६ वर्षांनी मुलगी त्याच पदावर बसली. समोआची पहिली महिला पंतप्रधान.

पुढे काही फार गोड झालं नाही. २०२५ च्या सुरुवातीला ला'आउलींवर गुन्हे दाखल झाले, फिआमेंनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं, पक्ष फुटला आणि पक्षाने फिआमेंनाच हाकललं. दोन अविश्वास ठराव त्यांनी परतवले, पण मेमध्ये अर्थसंकल्प पडला आणि त्यांनी मुदतीआधी निवडणूक मागितली. २९ ऑगस्टला मतदान झालं. फास्टला ३० जागा, एचआरपीपीला १४, फिआमेंच्या नव्या पक्षाला ३. पंतप्रधान झाले ला'आउली. त्या तिनांतली एक जागा लोतोफागाची, फिआमेंची स्वतःची. एकेकाळी तिथून त्यांचे वडील निवडून यायचे, वडिलांनंतर आई.